हमरापूर ते न्यूयॉर्क : सोळा तास की अकरा दिवस?

(तृतीय वर्ष कला, भूगोल)

सन २०२४ च्या नारळी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी सातच्या सुमारास, आमच्या कारखान्यात अमेरिकेहून फोन आला. कारखाना म्हटल्यावर वाचकांनी धुराडे आणि भोंगा डोळ्यांसमोर आणू नये. आमच्या पेण तालुक्यात, त्यातही हमरापूर, जोहे, तांबडशेत या पट्ट्यात, कारखाना म्हणजे गणपतीचा. पत्र्याचे छप्पर, बांबूच्या मांडण्या, त्यांवर रांगेने वाळत ठेवलेल्या कच्च्या मूर्ती आणि सगळीकडे पांढरी धूळ. श्रावणात या कारखान्यात माणसाला बसायला जागा नसते. फोन घ्यायचा तर तो दारात उभे राहूनच घ्यावा लागतो.

फोन न्यूजर्सीतील एडिसन येथल्या एका मंडळाच्या कार्यवाहांचा होता. आम्ही त्यांना काका म्हणतो. त्यांच्यासाठी आम्ही चाळीस मूर्ती समुद्रमार्गे पाठविल्या होत्या : घरगुती एकोणचाळीस आणि मंडळाची मोठी एक. जहाज पोचले नव्हते, कधी पोचेल तेही कोणी सांगत नव्हते. "निदान मंडळाची मूर्ती तरी विमानाने पाठवा," असे काकांचे म्हणणे. बाबांनी फोनवर मातीचा हात ठेवला आणि माझ्याकडे वळून विचारले, "अरे, तू भूगोल शिकतोस ना? इथून न्यूयॉर्क किती लांब? विमानाला किती वेळ लागतो?"

मी क्षणाचाही विचार न करता म्हणालो, "साडेबारा हजार किलोमीटर. सोळा तास."

बाबांनी फोनवर सांगितले, "तीन दिवसांत पोचते बघा."

मूर्ती पोचली अकराव्या दिवशी. माझे उत्तर चुकलेले नव्हते, परीक्षेत त्याला पूर्ण गुण मिळाले असते. तरीही बाबांचा शब्द खोटा पडला, आणि तो माझ्या भरवशावर दिलेला होता. त्या दिवसापासून अंतर आणि वेळ या दोन साध्या शब्दांमागे काय काय दडलेले असते ते शोधण्याचा मला नादच लागला. हा लेख म्हणजे त्या नादाचा हिशेब आहे.

प्रथम अंतराचे पाहू. हमरापूर सुमारे १८.८ अंश उत्तर अक्षांश आणि ७३.१ अंश पूर्व रेखांशावर आहे. न्यूयॉर्क जवळजवळ ७४ अंश पश्चिम रेखांशावर. म्हणजे आकडा सारखाच, फक्त बाजू उलटी! अक्षांश मात्र ४०.६, आपल्यापेक्षा बरेच उत्तरेला. आता वर्गातल्या भिंतीवरच्या जगाच्या नकाशावर मुंबई आणि न्यूयॉर्क यांना पट्टीने जोडा. रेषा अरबस्तानावरून, आफ्रिकेच्या उत्तर भागावरून, अटलांटिक महासागर ओलांडून तिकडे जाईल. साहजिकच आपल्याला वाटते की न्यूयॉर्क पश्चिमेला आहे आणि विमान पश्चिमेला जाते.

परंतु नकाशा सपाट आहे आणि पृथ्वी गोल आहे. हे वाक्य आपण चौथीपासून पाठ म्हणतो, पण त्याचा अर्थ मला समजला तो कारखान्यातच. बाबांना अंतर समजावताना माझ्याजवळ पृथ्वीगोल नव्हता. समोर चार फुटी कच्ची मूर्ती होती. लंबोदराच्या पोटासारखा सुरेख गोल दुसरा कुठला मिळणार? मी पोटाच्या वरच्या अर्ध्या भागात, डाव्या आणि उजव्या कुशीवर, सारख्याच उंचीवर पेन्सिलीने दोन खुणा केल्या आणि दोन्ही खुणांवर सुतळीची टोके धरून ती ताणली. सुतळी आडवी राहीना. ती आपोआप वर, छातीकडे सरकली आणि तिथेच घट्ट बसली. आडवी धरून ठेवली तर जास्त सुतळी लागत होती, वर सरकू दिली तर कमी. बाबा म्हणाले, "हे तर आम्हांला ठाऊकच आहे. जानवे काढताना रेघ अशीच वर चढते." चाळीस वर्षे गोल पोटावर रेषा काढणाऱ्या माणसाला मी काय शिकविणार?

ताणलेल्या सुतळीने दाखविलेल्या या वाटेला भूगोलात बृहद्‌वृत्त म्हणतात. पृथ्वीचा मध्यबिंदू आणि पृष्ठभागावरील दोन ठिकाणे यांतून जाणाऱ्या पातळीने पृथ्वी कापली, तर पृष्ठभागावर जे वर्तुळ उमटेल ते बृहद्‌वृत्त. विषुववृत्त हे एक बृहद्‌वृत्त आहे, रेखावृत्ते ही अर्धी बृहद्‌वृत्ते आहेत. इतर अक्षवृत्ते मात्र बृहद्‌वृत्ते नाहीत, म्हणूनच अक्षवृत्ताच्या कडेकडेने जाणे हा लांबचा रस्ता ठरतो. बृहद्‌वृत्तावरचा एक अंश सुमारे १११ किलोमीटरांचा. त्याच अंशाचा साठावा भाग, म्हणजे एक मिनिट, हा खलाशांचा आणि वैमानिकांचा सागरी मैल, १.८५२ किलोमीटरांचा.

गोलीय त्रिकोणमितीच्या सूत्राने हिशेब केला (कला शाखेच्या विद्यार्थ्याला साइन-कोसाइन पाहून घाम फुटतो, तसा मलाही फुटला, पण तीन प्रयत्नांत जमले), तर मुंबई आणि न्यूयॉर्क यांमधील कोन ११२.७ अंश येतो. त्याला १११.२ ने गुणले की १२,५३० किलोमीटर. पृथ्वी ध्रुवांजवळ किंचित चपटी असल्यामुळे खरा आकडा थोडा बदलतो आणि तो सुमारे १२,५५० भरतो. भिंतीवरच्या मर्केटर पद्धतीच्या नकाशावरील पट्टीची सरळ रेषा मोजली, तर ती १४,२०० किलोमीटरांची निघते. साडेसोळाशे किलोमीटरांचा फरक, म्हणजे मुंबई ते दिल्ली जाऊन वर आणखी बरेच काही!

त्याच सूत्रातून दिशाही मिळते. मुंबईहून न्यूयॉर्कला सर्वांत जवळच्या वाटेने जायचे असेल, तर निघताना तोंड पश्चिमेला ठेवायचे नाही. उत्तरेपासून फक्त सत्तावीस अंश पश्चिमेकडे झुकून, म्हणजे जवळजवळ उत्तरेलाच निघायचे. ही वाट सिंधवरून अफगाणिस्तानच्या कडेने तुर्कमेनिस्तानात शिरते, कझाकस्तानचा पश्चिम भाग ओलांडते, मॉस्कोच्या अगदी जवळून जाते, फिनलंड, स्वीडन, नॉर्वे अशी सरकत फेरो बेटे आणि आइसलँड यांच्यामध्ये पासष्टाव्या अक्षांशाला टेकते. तिथून ती खाली उतरू लागते, ग्रीनलँडच्या दक्षिण टोकाशेजारून, कॅनडाच्या लाब्राडोरवरून न्यूयॉर्कला. हमरापूरच्या खाऱ्या वाऱ्यात वाळलेला गणपती आइसलँडवरून अमेरिकेत जातो, हे बाबांना सांगितले तेव्हा त्यांनी आधी रंगाच्या वाटीकडे पाहिले आणि मग माझ्याकडे. "थंडीने रंग तडकेल का रे?" हा त्यांचा पहिला प्रश्न होता.

ही झाली भूमितीची वाट. आकाशात मात्र भूमितीचे राज्य नाही. प्रत्येक देशाला आपापल्या भूमीवरच्या आकाशाचा अधिकार असतो, आणि तो देश ते आकाश कोणाला उघडायचे आणि कोणाला बंद करायचे हे ठरवितो. फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनचे युद्ध पेटल्यावर रशियाने युरोपातील आणि अमेरिकेतील विमान कंपन्यांना आपले आकाश बंद केले. भारतीय विमानांना ते उघडे राहिले, त्यामुळे एकाच दोन शहरांमधला प्रवास निरनिराळ्या कंपन्यांना निरनिराळ्या लांबीचा झाला. २४ एप्रिल २०२५ रोजी, पहलगामच्या हत्याकांडानंतर, पाकिस्तानने भारतीय विमानांना आपले आकाश बंद केले. मघाशी सांगितलेल्या वाटेतला सिंधचा तुकडा त्याबरोबर गेला, आणि विमाने अरबी समुद्रावरून वळसा घालू लागली. म्हणून दोन शहरांमधले अंतर विचारणाऱ्याला खरे तर उलट विचारायला हवे, "कोणत्या साली, आणि कोणत्या देशाच्या विमानाने?"

आता वेळेकडे वळू. मोठे जेट विमान स्थिर हवेत ताशी सुमारे ९०० किलोमीटर जाते. १२,५५० ला ९०० ने भागले की चौदा तास येतात. पण मुंबईहून न्यूयॉर्कला थेट जाणाऱ्या विमानाला सोळा तासांच्या आसपास लागतात आणि परत येताना चौदा ते पंधरा. जायला जास्त आणि यायला कमी, असे का?

आमच्या वर्गात यावर एकाने फार गमतीचा तर्क लढविला. तो म्हणाला, पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते, मग अमेरिकेला जाताना विमानाने नुसते वर थांबावे, अमेरिका आपोआप खाली येईल! आम्ही सगळे हसलो, पण उत्तर कोणालाच नीट देता येईना. सरांनी दिले. हमरापूरच्या अक्षांशावर जमीन ताशी सुमारे १,५८० किलोमीटर वेगाने पूर्वेकडे धावत असते, पण तिच्याबरोबर हवाही धावते, विमानही धावते आणि धावपट्टीवर उभे असतानाच विमानाला तो वेग मिळालेला असतो. धावत्या गाडीत उडी मारली तर आपण मागच्या डब्यात पडत नाही, तसेच हे. पृथ्वीच्या फिरण्याचा प्रवासाच्या वेळेशी संबंध आहे, पण तो वाऱ्याच्या मार्फत.

समशीतोष्ण पट्ट्यावर, नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर, पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वाऱ्याच्या नद्या वाहतात. त्यांना जेट प्रवाह म्हणतात. विषुववृत्ताकडची तापलेली हवा ध्रुवाकडे सरकते आणि पृथ्वीच्या फिरण्यामुळे पूर्वेकडे वळते, त्यातून हे प्रवाह तयार होतात. त्यांचा वेग ताशी दीडदोनशे किलोमीटर असणे नित्याचे, हिवाळ्यात त्याहूनही जास्त. जपानचे हवामानतज्ज्ञ वासाबुरो ओइशी यांनी १९२० च्या दशकात फुगे सोडून हे वारे मोजले होते. त्यांनी आपला अहवाल एस्पेरान्तो या कृत्रिम भाषेत छापला. सर्व जगाला समजावा म्हणून त्यांनी ती भाषा निवडली, आणि परिणाम असा झाला की तो फारच थोड्यांनी वाचला. (आमच्या वार्षिक अंकाचे तसे न होवो.)

फेब्रुवारी २०२० मध्ये एका वादळाच्या वेळी न्यूयॉर्कहून लंडनला निघालेले विमान या वाऱ्यावर स्वार होऊन पाच तासांच्या आत पोचले. एरवी त्या प्रवासाला सहा-सात तास लागतात. पण मला याहून आवडलेले उदाहरण आपल्याकडचे आहे. दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्कोला जाणारे एअर इंडियाचे विमान पूर्वी अटलांटिकवरून जात असे, वाट सुमारे १३,९०० किलोमीटरांची. ऑक्टोबर २०१६ पासून ते उलट बाजूने, पूर्वेकडे, पॅसिफिक महासागरावरून नेण्यात आले. ही वाट सुमारे १५,३०० किलोमीटरांची, चौदाशे किलोमीटर जास्त, आणि तरीही विमान साडेचौदा तासांत पोचले, म्हणजे आधीपेक्षा दोनेक तास लवकर! लांबची वाट जवळची ठरू शकते, हे वारा पाठीशी असेल तेव्हाच. कोळ्यांच्या पोरांना हे सांगावे लागत नाही.

येथे थोडे मागे वळून पाहणे अगत्याचे आहे. ८ जून १९४८ रोजी एअर इंडियाचे 'मलबार प्रिन्सेस' हे विमान पस्तीस प्रवासी घेऊन मुंबईहून लंडनला निघाले. वाटेत कैरो आणि जिनिव्हा येथे थांबत ते १० जूनला लंडनला पोचले. त्या विमानाला पंखे होते, जेट नव्हते. जेट विमानाने न्यूयॉर्कपर्यंतची सेवा मे १९६० मध्ये सुरू झाली, तीही लंडनला थांबून. मुंबईहून न्यूयॉर्कला वाटेत कोठेही न उतरता जाणारे एअर इंडियाचे विमान सुरू व्हायला ऑगस्ट २००७ उजाडला. आमचे आजोबा मुंबईला जायचे ते धरमतरहून आगबोटीने, भरतीची वेळ पाहून. मुंबई किती लांब, असे त्यांना विचारले तर ते किलोमीटर सांगत नसत. "एक भरती," असे म्हणत. मला आता वाटते, ते आमच्यापेक्षा शास्त्रशुद्ध बोलत होते.

घड्याळाचा घोळ आणखी वेगळा. भारताची प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशाची, न्यूयॉर्कची ७५ अंश पश्चिमेची. फरक १५७.५ अंशांचा, आणि पंधरा अंशांना एक तास या हिशेबाने साडेदहा तासांचा. उन्हाळ्यात अमेरिकेत घड्याळे एक तास पुढे करतात, तेव्हा तो साडेनऊ तासांचा होतो. समजा, ऑगस्टमध्ये मध्यरात्रीनंतर एक वाजता विमान मुंबईहून निघाले. सोळा तासांनी आपल्याकडे संध्याकाळचे पाच वाजलेले असतील, पण न्यूयॉर्कला सकाळचे साडेसातच झालेले असतील, आणि तारीख तीच. परत येताना दुपारी बारा वाजता निघाले आणि साडेचौदा तास लागले, तर मुंबईत दुसऱ्या दिवशी दुपारचे बारा. तिकिटावरच्या वेळा पाहून प्रवासाचा काळ काढायला गेले की जाताना साडेसहा तास आणि येताना चोवीस तास दिसतात! आमच्या शेजारच्या आजी लेकीकडे जाऊन आल्या, तेव्हापासून त्या अमेरिका जवळ आहे पण भारत लांब आहे असे सांगतात.

पण आमच्या दृष्टीने खरा कळीचा प्रश्न घड्याळाचा नव्हता, तिथीचा होता. तिथी ठरते ती चंद्र आणि सूर्य यांच्यामधील कोनावरून, आणि तो कोन साऱ्या पृथ्वीसाठी एकाच क्षणी तयार होतो. २०२४ साली चतुर्थी लागली ती भारतीय वेळेप्रमाणे ६ सप्टेंबरला दुपारी तीनला आणि संपली ७ तारखेला संध्याकाळी साडेपाचनंतर. गणेशचतुर्थी मध्यान्ही असलेली चतुर्थी धरते, म्हणून आपल्याकडे गणपती बसले ७ सप्टेंबरला, शनिवारी. न्यूयॉर्कच्या घड्याळात हीच चतुर्थी ६ तारखेला पहाटे साडेपाचला लागली आणि ७ तारखेला सकाळी आठनंतर संपली. तिथल्या मध्यान्ही ती सापडते ६ तारखेला, शुक्रवारी. म्हणजे मंडळाच्या पंचांगाप्रमाणे गणपती आमच्याआधी एक दिवस बसणार होता! बाबा मनात ७ तारीख धरून बसले होते. मी हा हिशेब मांडल्यावर हातातला एक दिवस कमी झाला.

जहाजाचे काय झाले होते, तेही सांगितले पाहिजे. न्हावाशेवा बंदर १९८९ साली सुरू झाले, आणि ते आमच्यापासून चाळीसेक किलोमीटरांवर आहे. तेथून सुएझ कालव्याने न्यूयॉर्कपर्यंतचा समुद्रमार्ग सुमारे १५,००० किलोमीटरांचा. मालवाहू जहाज ताशी तीस किलोमीटर चालते असे धरले, तर नुसते चालण्याचे एकवीस दिवस. वाटेतल्या बंदरांत थांबणे, एका जहाजातून दुसऱ्यात माल चढविणे धरून आमचे लोक पाच-सहा आठवडे मोजतात. परंतु नोव्हेंबर २०२३ मध्ये येमेनच्या हूथी बंडखोरांनी तांबड्या समुद्रात 'गॅलेक्सी लीडर' हे जहाज पळविले, पुढे इतर जहाजांवर हल्ले सुरू झाले आणि मोठ्या कंपन्यांनी सुएझची वाट सोडून दिली. जहाजे आफ्रिकेला वळसा घालून, केप ऑफ गुड होपवरून जाऊ लागली. हा मार्ग २१,००० किलोमीटरांच्या आसपास जातो, म्हणजे चालण्याचेच आठ दिवस वाढले. १८६९ साली सुएझ कालवा उघडला तेव्हा मुंबई-लंडन जलमार्ग आठ हजार किलोमीटरांनी कमी झाला, असे आपण शिकतो. दीडशे वर्षांनी तो पुन्हा वाढला, आणि त्याचा चटका हमरापूरच्या कारखान्याला बसला. आठ दिवसच वाढले असते तर निभावले असते. पण सगळी जहाजे लांबच्या वाटेला लागल्याने रिकामे कंटेनर वेळेवर परत येईनात. आमचा माल जूनच्या मध्यापासून गोदामात पडून राहिला आणि जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात जहाजावर चढला. आम्ही मात्र जुन्या सवयीने पाच-सहा आठवडे मोजत बसलो.

आता त्या अकरा दिवसांची रोजनिशी.

शाडूची अडीच फुटी मूर्ती निवडली. आखणी बाबांनी स्वतः केली. विमानाने जाणाऱ्या लाकडी खोक्याचे लाकूड कीड मारण्यासाठी ठरावीक उष्णतेला तापवून त्यावर तसा शिक्का असावा लागतो, नाहीतर परदेशात माल अडतो. असे खोके मिळवून, कागदाची कात्रणे आणि फोम ठासून, २३ ऑगस्टला शुक्रवारी संध्याकाळी टेम्पो निघाला. भरलेल्या खोक्याचे वजन ५२ किलो. भाडे लागले ११७ किलोचे. विमानात वजनाइतकीच जागाही महाग. म्हणून खोक्याची लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून तिला सहा हजाराने भागतात आणि प्रत्यक्ष वजन व हा आकडा यांत जो मोठा असेल तो धरतात. आमचे खोके ८० बाय ८० बाय ११० चे होते. बाबा म्हणाले, "म्हणजे पासष्ट किलो हवेचे भाडे भरले."

शनिवार-रविवार एजंटाचे कार्यालय बंद. सोमवारी गोकुळाष्टमी. मंगळवारी कागदपत्रे दाखल झाली, पण त्यांत मालाचे वर्णन अर्धवट लिहिले गेले होते, ते बदलण्यात तो दिवस गेला. बुधवारी तपासणी, आणि बुधवारी रात्री खोके दुबईला गेले. थेट विमानात जागा नव्हती. येथे भूगोलाच्या विद्यार्थ्याला समाधान वाटावे अशी एक गोष्ट : मुंबई-दुबई सुमारे १,९३० आणि दुबई-न्यूयॉर्क सुमारे ११,०२० किलोमीटर, बेरीज १२,९५०. दुबईला जाण्याने वाट फक्त चारशे किलोमीटरांनी वाढते. वेळ मात्र दोन दिवसांनी वाढला, कारण तिथेही खोके जागेची वाट पाहत होते. ३१ ऑगस्टला, शनिवारी, ते न्यूयॉर्कला उतरले. रविवार सुटीचा. सोमवारी, २ सप्टेंबरला, अमेरिकेचा कामगार दिन. तोही सुटीचा! आम्ही बापलेक रोज पहाटे उठून एअरवे बिलाचा नंबर फोनवर टाकीत होतो आणि रोज तीच ओळ वाचीत होतो. मंगळवारी, ३ सप्टेंबरला, खोके सुटले आणि एडिसनला पोचले.

अकरा दिवसांचे तास दोनशे चौसष्ट. त्यांपैकी विमान आकाशात होते ते सतरा तास. उरलेले दोनशे सत्तेचाळीस तास गणपती जमिनीवर, कुठल्या तरी गोदामात बसून होता. माझे सोळा तासांचे उत्तर या सतरांना लागू होते. उरलेल्यांचा विचारच मी केला नव्हता, आणि भूगोलाच्या पुस्तकातही तो सापडला नाही.

खोके उघडले ते तिकडच्या मंगळवारी रात्री नऊला, इकडे बुधवारी सकाळी साडेसहाला. बाबा आंघोळ करून फोनसमोर बसले. मोदकाचा हात मनगटापासून सुटला होता. काकांचा चेहरा पडला. बाबांनी त्यांना शांतपणे खोक्याच्या तळाशी पाहायला सांगितले. तिथे एका डब्यात मूठभर शाडू, एक कुंचला आणि अंगाच्या रंगाची पुडी त्यांनी न सांगता ठेवून दिली होती. माती किती भिजवायची, काडी कशी खोचायची, सांधा ओल्या बोटाने कसा पुसायचा, हे सगळे फोनवर पाहून चालले होते. तिकडे एक संगणकतज्ज्ञ हात जोडत होता, इकडे बाबांची बोटे रिकाम्या हवेत तीच हालचाल करीत होती. तासाभराने हात बसला. साडेबारा हजार किलोमीटरांवरून ती दुरुस्ती झाली आणि तिला एक क्षणही प्रवास करावा लागला नाही. शुक्रवारी गणपती वेळेवर बसला.

समुद्रातल्या चाळीस मूर्ती अनंत चतुर्दशी होऊन चार दिवसांनी पोचल्या. मंडळाने त्या पुढच्या वर्षासाठी ठेवून घेतल्या आणि पैसे निम्मे दिले. बाबांनी निम्मे घेतले. विमानाचे भाडे आम्ही भरले होते, तेही त्यातच गेले. त्या वर्षी घराच्या मागल्या पडवीचे काम राहिले, ते अजून तसेच आहे.

नवी मुंबईच्या विमानतळाचे उद्‌घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले आणि २५ डिसेंबरपासून तेथून विमाने उडू लागली. आमच्या हमरापूर स्टेशनातून गाडीत बसले की जिते, आपटा, रसायनी, सोमाटणे आणि पनवेल, इतक्या जवळ तो आहे. बाबांनी पुन्हा विचारले, आता न्यूयॉर्क किती जवळ आले? मी या वेळी लगेच उत्तर दिले नाही. कागद घेतला, सुट्यांची यादी घेतली, पंचांग घेतले.

कारखान्याच्या भिंतीवर, जिथे मागणी लिहितात तिथे, बाबांनी २०२५ च्या हंगामासाठी निळ्या रंगाने लिहून ठेवले होते : "न्यूजर्सी — अक्षय्य तृतीयेच्या आधी रवाना." ती ओळ त्यांनी अजून पुसलेली नाही. फक्त साल बदलतात.